कायदा बदलला, पण कळविले कोणी?

१८७८ साली परकी सत्तेने शस्त्र कायदा करून हिंदी माणसाची बंदूक परवान्याने जखडली. युरोपियनांना मात्र तेव्हा मोकळीक होती. स्वराज्यात १९५९ साली त्या जागी नवा कायदा आला. १९८३ साली परवानेदारास तीन बंदुकांची मर्यादा पडली. २०१९ साली ती सर्वसामान्यांपुरती दोनवर आली आणि वडिलोपार्जित बंदुकीचाही तिला अपवाद राहिला नाही. तिसरी बंदूक वर्षाच्या आत ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे प्राप्त झाले.

मर्यादेस आमचा विरोध नाही. परंतु आजोबांची बंदूक जपणाऱ्या खेड्यातील वृद्धास हे सांगावयाचे कोणी? कालची कायदेशीर वस्तू आज गुन्हा ठरवावयाची, तर ती सूचना त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचविणे हे सरकारचे पहिले कर्तव्य होय.