पद्मिनीचा दम कुठे गेला

गाडी सुरू होते, स्लोवर छान उभी राहते, गल्लीतून निघतेही. मग रस्ता मोकळा लागतो, चौथा गिअर पडतो, पाय दाबला जातो आणि पुढे काहीच घडत नाही. आवाज वाढतो, वेग वाढत नाही. भिलाईत याला ‘दम नहीं ले रही’ म्हणतात, आपण ‘पिकअप गेला’ म्हणतो. जुन्या गाडीच्या तक्रारींत ही सगळ्यात फसवी, कारण दहा वेगवेगळे बिघाड याच एका लक्षणाने बोलतात.

आमच्या हुडको वसाहतीत शेजारच्या काकांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. प्लांटमधली नोकरी संपली, मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, पण गाडी राहिली. भिलाई वसली ती पोलाद कारखान्यामुळे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून माणसं आली. नागपूरकडून आलेल्या मराठी घरांची सुट्टीतली वाट ठरलेली: राजनांदगाव, बाघनदी ओलांडली की महाराष्ट्र, पुढे नागपूर. अडीचशे किलोमीटरच्या वरचा हा पल्ला पद्मिनीने पाच माणसं आणि टपावरचं सामान घेऊन किती वेळा कापला असेल!

ती मूळची कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. फियाटच्या परवान्यावर १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ निघू लागली आणि १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीसेवेतून उतरली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन नऊशे किलोच्या घरात. हा हिशेब निदानाच्या कामाचा आहे. एवढ्याशा ताकदीतून एक सिलिंडर नीट जळेनासा झाला तरी पाव ताकद गेली. सपाट रस्त्यावर ते खपून जातं, चढावर मात्र उघडं पडतं.

काकांची गाडी पाहायला येणारे मिस्त्री सत्तरीच्या जवळ आलेत. बॉनेट उघडल्यावर काकांचा हात सवयीने कार्बोरेटरच्या स्क्रूकडे गेला, तसे ते म्हणाले, “अंकल, अभी कुछ मत छेड़ो. पहले देखने दो.” माझ्या मते सगळी विद्या या वाक्यात आहे. पिकअप गेला की आपण आधी कार्बोरेटर फिरवतो, कारण तो वरच असतो आणि पेचकस हातात असतो. एकदा स्क्रू फिरला की मूळ दोष कुठे होता याचा पुरावा पुसला जातो आणि त्यात नवा दोष मिसळतो.

इंजिनाला दाब लागतो, वेळेवर ठिणगी लागते आणि मापात पेट्रोल-हवा लागते. दाब आधी पाहायचा, कारण तोच नसेल तर बाकी दोन्हींवर केलेला खर्च वाया. मिस्त्रींनी चारही प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडले. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर जळण बरोबर आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, आणि पांढरट म्हणजे हवा जास्त, इंजिन तापतंय. मग प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून, पाय पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इंजिन न खोलता आतलं कळतं, आणि हजारोंचा खर्च लागणार की शेकड्यांचा, हे तिथेच ठरतं.

काकांच्या गाडीत चारही आकडे जवळजवळ सारखे आले. प्लगही तपकिरी.

मग व्हॅक्यूम गेज. मॅनिफोल्डला नळी जोडली की इंजिन किती ओढतंय ते सुई दाखवते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर सतरा ते एकवीस इंच दाखवतं. भिलाई सुमारे तीनशे मीटर उंचीवर, म्हणून इथे इंचभर कमी धरायचं. सुई ठरावीक तालात झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. इथे सुई स्थिर होती, जागेवर होती.

थंड गाडीत दोष नाही, आणि काकांचं म्हणणं एकच: अर्ध्या तासाने दम जातो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला भिडतो. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापून नळीत वाफ धरते आणि पेट्रोल अडतं. त्यावरचा उपाय पद्मिनीवाल्यांना तोंडपाठ: पंपावर ओलं फडकं. काकांनी तो केला होता, फरक पडला नव्हता. तो न पडलेला फरकही निदानाच्या कामी आला, कारण पेट्रोलची बाजू त्यामुळे बरीचशी सुटली.

मिस्त्रींनी डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढलं. पॉइंटची तोंडं निळसर जळालेली, एकाला खड्डा आणि दुसऱ्याला उंचवटा. त्यांनी पॉइंट घासले नाहीत. आधी कंडेन्सरकडे बोट दाखवलं: “ये गरम होके छोड़ देता है.” पॉइंट उघडतात त्या क्षणी वीज फटीतून उडी मारू पाहते, ती झेलायचं काम या बोटभर डबीचं. ती तापून निकामी झाली की ठिणगी पॉइंटवरच पडते आणि कॉइलमधून प्लगला जाणारी ठिणगी अशक्त होते. स्लोवर सिलिंडरमध्ये दाब कमी, तिथे अशक्त ठिणगीही भागवते. पाय दाबला की सिलिंडर भरतो, दाब वाढतो आणि त्या दाटीत तिला उडी मारता येत नाही. म्हणून गाडी दारात शहाणी आणि चढावर थकलेली. पार्ट अगदी स्वस्तातला, पण तो सापडेपर्यंत किती गाड्यांचे कार्बोरेटर बदलले गेले असतील!

कंडेन्सर आणि पॉइंट नवे बसले. फटीचं माप फीलर पट्टीने घेतलं, आणि फट बदलली की टायमिंग हलतं म्हणून बल्ब लावून तेही पुन्हा बांधलं. डेल्कोतली फिरती वजनं मोकळी आहेत ना, हे हाताने तपासलं, कारण ती अडकली तर वेगाबरोबर टायमिंग पुढे सरकत नाही.

शेवटी पीयूसीची चिठ्ठी. बहुतेक लोक ती पोलिसासाठी ठेवतात. मिस्त्री ती वाचतात. या जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के, हायड्रोकार्बनची पंधराशे पीपीएम. पहिला आकडा चढला तर पेट्रोल जास्त जातंय. पहिला कमी आणि दुसराच उंच असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग.

आता त्यांच्यापुढे नवी अडचण आहे ती पंपावरच्या पेट्रोलची. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून जाणारं मिश्रण आपोआप पातळ होतं. नव्या गाडीतला सेन्सर ते सांभाळून घेतो. पद्मिनीत सेन्सर नाही, पितळी जेटचं भोक आहे तेवढंच. जुनं रबरही इथेनॉलने फुगतं, चिरतं. मिस्त्रींनी काकांना पंपाचा डायफ्रॅम आणि पेट्रोलच्या नळ्या पावसाळ्याआधी बदलायला सांगितल्यात, आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा की नाही, हे नव्या ठिणगीवर महिनाभर गाडी चालवून, प्लगचा रंग पाहून ठरवायचं आहे.