मधुमेही बालक आणि त्याचे घर

माझगावच्या जुन्या चाळींतून एकेका खोलीत चार-सहा माणसांचा संसार चालतो. अशा घरातील मूल सारखे पाणी पिऊ लागले, रात्री अंथरूण ओले करू लागले आणि भूक असूनही वाळत चालले, तर उन्हाळा किंवा जंत असे कारण सांगून वेळ काढला जातो. वस्तुतः ही बालमधुमेहाची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घेणे अगत्याचे आहे. विलंब झाल्यास रक्तात आम्ले साठून मूल बेशुद्ध होण्याचा धोका असतो. जवळच भायखळ्याला सर ज. जी. रुग्णालय हे शासकीय रुग्णालय आहे.

या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने अगर आईबापांच्या चुकीने ती जडत नाही. हे मुद्दाम सांगावयाचे कारण, घरात पहिला कलह यावरूनच माजतो आणि बोल बहुधा आईलाच लागतो. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलास प्रथम इन्सुलिन टोचण्यात आले. तत्पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती शिकतात, खेळतात, नोकरी करतात. मात्र इन्सुलिन चुकवून चालत नाही.

साहजिकच घराचे घड्याळ बदलते. जेवणापूर्वी बोटातून रक्ताचा थेंब, मग सुई, मग ताट. रात्री साखर उतरेल या धास्तीने आईची झोप मोडते. धाकट्या भावंडास आपल्याकडे कोणी पाहत नाही असे वाटू लागते, आणि तेही खोटे नसते. गणपतीत आजी चोरून मोदक भरवते. मोदक सर्वस्वी वर्ज्य नव्हे. वैद्यकीय सल्ल्याने इन्सुलिनची मात्रा जुळवून तो देता येतो. चोरी तेवढी घातक.

शीतकपाट नसल्यास इन्सुलिन ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय कोरड्या प्रदेशाइतका गुणकारी ठरत नाही, तरी उन्हापेक्षा बरा. बर्फात मात्र कुपी ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

शाळेत वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना अवश्य द्यावी. मुलास घाम सुटला, हात कापू लागले, तर तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ पाजावी व पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे.