संगणकाच्या रोजनाम्याला हद्द घाला

व्यापारी बंधूंनो, गोदामात रद्दी साठत गेली की नव्या मालाला जागा उरत नाही. दुकानाच्या संगणकाचेही तसेच आहे. ऐन सीझनच्या गर्दीत बिल निघेनासे झाले की आपण प्रोग्रामला दोष देतो, पण कधी कधी खरे कारण डिस्क भरल्याचे असते.

संगणक आपला रोजनामा स्वतः लिहितो. कोण आत आले, कोणते काम फसले, मशीन कधी बंद पडले, हे सारे त्यात असते. याला लॉग म्हणतात. बिघाड शोधताना तो फार कामाचा असतो. म्हणून तो बंद करू नये, त्याला हद्द घालावी.

लिनक्सवर बहुधा जर्नलडी ही सेवा हा रोजनामा ठेवते. हद्द दिली नसेल तर ती डिस्कच्या त्या भागाच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त ४ जीबी जागा वापरते. २० जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर हे २ जीबी होतात. तिच्या सेटिंग फाइलमध्ये 'सिस्टममॅक्सयूज'पुढे ५०० एमबी लिहून सेवा पुन्हा सुरू करावी. मग जुन्या नोंदी आपोआप निघत जातात.

विंडोजवर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये लॉगच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात. मुख्य लॉगना सहसा २० एमबी दिलेले असतात आणि ते भरले की सर्वात जुन्या नोंदी पुसल्या जातात. जुने पुसू नये असा पर्याय निवडला, तर लॉग भरल्यावर नवी नोंदच होत नाही. ही गफलत टाळावी.

खरा धोका पुढे आहे. बिलिंग प्रोग्राम आणि डेटाबेस आपले लॉग वेगळे ठेवतात. त्यांना वरील हद्द लागू होत नाही. लिनक्सवर साध्या लॉग फाइलींसाठी लॉगरोटेट वापरतात. डिस्क भरली की मायएसक्यूएल लिहिणे थांबवून दर मिनिटाला जागा झाली का ते पाहत बसते, आणि इकडे गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळते. त्याच्या बायनरी लॉग फाइली हाताने मात्र उडवू नयेत. किती दिवस ठेवायच्या ते सेटिंगमध्ये ठरवावे.

शेवटची खबरदारी हिशेबाची. यंत्राचा रोजनामा कापता येतो, धंद्याची वही नाही. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये फेरफारांची नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. साफसफाईपूर्वी कारागिराला विचारा: ही रद्दी आहे की दप्तर?