नवा मालमोटारचालक आणि आपली पेढी

व्यापाराची महती गाताना आपण पेढीची परंपरा, सचोटी व शब्दाची पत यांचा उल्लेख आवर्जून करतो. परंतु माल एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप नेऊन पोचविणाऱ्या मनुष्याचे स्मरण आपल्या स्मरणिकांतून क्वचितच होते. बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूच्या आमच्या व्यापारी बंधूंचा माल चोर्ला अथवा अनमोड घाट उतरून गोव्यास जातो, तसाच राष्ट्रीय महामार्ग ४८ ने पुणे व बंगळूर या दोन्ही दिशांना जातो. हा व्यवहार ज्यांच्या हातांवर चालतो, त्या ट्रकचालकांपैकी जे तरुण नुकतेच या धंद्यात शिरले आहेत, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

कोणीही एकाएकी चालक होत नाही. या धंद्यातील पुष्कळ मुले प्रथम क्लीनर म्हणून गाडीवर चढतात. काचा पुसणे, टायरवर लोखंडी दांडा आपटून आवाजावरून हवा ओळखणे, जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड काढणे, गाडी मागे घेताना पाठीमागे उभे राहून हाका देणे आणि चढावर गाडी थांबताच खाली उडी टाकून चाकामागे दगड लावणे, हीच त्यांची पाठशाळा. कायद्याची पायरी त्यानंतरची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे हलक्या मोटारीस अठरा, तर मालवाहू गाडीस वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात; शिवाय हलक्या मोटारीचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्यावाचून मोठ्या गाडीचा शिकाऊ परवाना मिळत नाही. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये उठविण्यात आली, आणि अनेक होतकरू पण अल्पशिक्षित तरुणांचा मार्ग मोकळा झाला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते. त्यामुळे ज्यास लोक 'छोटा हत्ती' म्हणतात तसल्या गाडीवर हात बसवून मग मोठ्या ट्रककडे वळणे अधिक सोयीचे झाले आहे.

परवाना खिशात पडला म्हणजे विद्या पुरी झाली असे मात्र नव्हे. पहिल्या वर्षातील फजिती बहुधा वृत्तपत्रांत छापण्याजोगी नसते. परंतु त्या गरीब मुलाच्या खिशास ती चांगलीच जाणवते. माल भरून दोर कितीही आवळले तरी चार-सहा मैल गेल्यावर पोती खाली बसतात आणि दोर सैल होतात. जाणता चालक तेवढ्यात एकदा गाडी थांबवून ते पुन्हा ओढून घेतो. नवा तसाच पुढे जातो आणि वळणावर पोती कलंडतात. ताडपत्रीचे एक भोक नजरेतून सुटले, तर घाटातील पावसात गुळाचे चार रवे पाझरतात. चाक बदलल्यावर थोडे अंतर जाऊन नट पुन्हा आवळावे लागतात, हे पुष्कळांना चाक डगमगू लागल्यावरच कळते.

घाट हा या धंद्यातील खरा परीक्षक. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या उस्तादांचा दंडक आहे. उतारावर इंजिनाच्या ओढीनेच गाडीचा वेग आवरतो आणि ब्रेकवर भार कमी येतो. चार थेंब डिझेल वाचविण्याच्या मोहाने नवशिका गाडी न्यूट्रल करतो. मग सारा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. त्याने इंजिनच बंद केले तर संकट दुप्पट, कारण मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिन चालू असेल तरच भरली जाते. निपाणीजवळील तवंदी घाट असो की चोर्ल्याची वळणे असोत, तेथे घाई उपयोगाची नाही.

आता प्रश्न असा, की ही घाई येते कोठून? त्यातील मोठा वाटा मालधन्याच्या दारात जन्मतो, हे स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. सकाळी बोलाविलेली गाडी सायंकाळी भरावयाची आणि पहाटे बाजारात पोचविण्याची ताकीद द्यावयाची. भाडे तेच ठेवून दहा पोती अधिक चढवावयाची. पोचल्यावर तूट निघाली की विचारपूस न करता ती चालकाच्या हिशेबातून कापावयाची. अशा रीतीने व्यापाऱ्याची गैरसोय टळते, पण तीच उद्या घाटात अपघाताच्या रूपाने उभी राहते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती. थकल्या डोळ्यांचा धोका तेव्हाही सर्वांस ठाऊक होता. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठरविला आहे, आणि गाडी चालविणाऱ्याप्रमाणेच तसा भार वाहावयास लावणाराही त्या कलमाच्या कक्षेत येतो.

परंतु दंडाचे भय हे आपणांस पुरेसे कारण नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध या दोहोंचा समावेश आहे. शक्तीबाहेर भार लादू नये, आणि आपल्यावर अवलंबून असलेल्याच्या अन्नपाण्यात अडथळा आणू नये. पूर्वी हा उपदेश ओझ्याच्या बैलाविषयी समजला जाई. आज बैलाच्या जागी ट्रक आला आहे. पण त्याच्या सुकाणूपाशी भुकेला, अर्धवट झोपेतील मनुष्य बसला असेल, तर तो उपदेश जुना झाला असे कोण म्हणेल?

म्हणून सभासद बंधूंस आमच्या काही विनंत्या आहेत. गाडी भरण्याची वेळ ठरवावी व ती पाळावी. वखारीच्या आवारात पिण्याचे पाणी, शौचालय व घटकाभर पाठ टेकण्यास सावली असावी. पन्नास हजार रुपयांवरील माल परराज्यात जाताना ई-वे बिल बिनचूक करून द्यावे. दर दोनशे किलोमीटरांस एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागल्यास नव्या गाडीचा क्रमांक तत्काळ भरून द्यावा, कारण कागदातील चुकीपायी रस्त्यावर अडकून पडतो तो चालकच. तुटीचा निवाडा दोन्ही बाजू ऐकून करावा. आणि नव्या मुलास पहिले काही महिने एकट्याने रात्रीचा घाट सांगू नये.

यांत फारसा खर्च नाही. उलट, ज्याला पहिल्या वर्षी कोणी सांभाळून घेतले तो चालक पुढे वर्षानुवर्षे त्या पेढीचा माल आपला समजून नेतो, हा आमचा अनुभव आहे. ज्याच्या स्वाधीन आपण लाखोंचा माल निर्धास्तपणे करतो, त्याच्या घरीही कोणी वाट पाहत असते, इतके ध्यानी ठेवून प्रत्येक पेढीने आपल्या दारची ही व्यवस्था एकदा तपासून पाहावी, इतकेच आमचे नम्र सांगणे आहे.