दिव्यांची माळ

रत्नागिरीच्या भगवती किल्ल्याच्या पायथ्याशी मिरकरवाड्याचे बंदर आहे. सूर्य समुद्रात बुडाला की तेथे दिव्यांचे राज्य सुरू होते. दीपगृहाचा प्रकाश ठरावीक अंतराने चमकतो, धक्क्यावर मासळीच्या पाट्या उतरविणाऱ्यांच्या माथ्यावर मोठे दिवे जळत असतात, आणि दूरवर पाण्यावर नौकांचे बारीक दिवे हेलकावे खात असतात. वर्षातून काही दिवस या नेहमीच्या दिव्यांत आणखी एका प्रकारच्या दिव्यांची भर पडते. ईद-ए-मिलादला मोहल्ल्यातील गल्ल्यांवर, दिवाळीला अंगणातील तुळशीवृंदावनाभोवती आणि डिसेंबरच्या अखेरीस शहरातील ख्रिस्ती घरांच्या दारी, कागदी ताऱ्याच्या खाली, रंगीत दिव्यांच्या माळा झळकू लागतात. सण निराळे, माळ मात्र एकाच जातीची.

या माळेचा जन्म नाताळातलाच आहे. युरोपात नाताळच्या दिवसांत घरात सूचिपर्णी झाड आणून त्याच्या फांद्यांवर मेणबत्त्या लावीत. सुकत चाललेले झाड आणि उघड्या ज्योती! आग लागेल या भयाने जवळ पाण्याची बादली भरून ठेवावी लागे. पुढे अमेरिकेत थॉमस एडिसनने विजेचा दिवा घरोघर नेण्याजोगा केला. त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी तांबड्या, पांढऱ्या व निळ्या अशा ८० विजेच्या दिव्यांनी झाड सजविले. ते झाड यंत्राने गोल फिरतही असे. त्या काळी विजेची माळ ही श्रीमंतांचीच हौस होती. ती सामान्यांच्या घरी पोहोचण्यास पुष्कळ वर्षे लागली.

आता ही माळ जळते कशी, ते पाहू. आपल्या घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. माळेतील जुन्या पद्धतीचा इवलासा दिवा इतका दाब क्षणभरही सोसू शकत नाही. त्याला अडीच व्होल्ट पुरतात. मग तो जळून का जात नाही? कारण तो एकटा नसतो. अबोलीची फुले एका दोऱ्यात गुंफावीत, तसे हे दिवे एकाच तारेत एकापुढे एक गुंफलेले असतात. या रचनेला एकसर जोडणी म्हणतात. विजेचा दाब सर्व दिव्यांत वाटला जातो. २३० ला अडीचने भागले म्हणजे ९२ येतात. तेव्हा अशा ९२ दिव्यांनी मिळून तो भार उचलावयाचा असतो.

या जोडणीत एक मोठी खोड आहे. दोरा एके ठिकाणी तुटला तर सगळा गजरा सुटतो, त्याचप्रमाणे एका दिव्यातील तार तुटली की प्रवाहाची वाट बंद होऊन सारी माळ अंधारते. घरातील पंखा आणि दिवे यांचे असे होत नाही. स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून ओटीवरचा विझत नाही. त्यांची जोडणी समांतर असते, म्हणजे प्रत्येकाला प्रवाहाची स्वतंत्र वाट असते. माळेतील ही खोड काढण्यासाठी कारागिरांनी दिव्याच्या बुडाशी एक बारीक आडतार बसविली. दिवा फुकट गेला की प्रवाह तिच्यातून पुढे जातो. मात्र गेलेल्या दिव्याच्या वाट्याचा दाब उरलेल्यांवर पडतो. ते अधिक तेजाने जळतात आणि लवकर मरतात.

अंधारलेली माळ पाहून पुष्कळांना वाटते, आता तीत वीज नाही. हाच समज घातक ठरतो. समजा, मधला एक दिवा काढला आणि बटण चालूच राहिले. प्रवाह थांबलेला असतो, पण दाब गेलेला नसतो. पूर्ण २३० व्होल्टचा दाब त्या रिकाम्या खोबणीत दबा धरून बसतो. तेथे बोट घालणारा मनुष्य तुटलेल्या दोऱ्याची गाठ होतो, आणि वीज त्याच्या देहातून वाट काढते. म्हणून माळेला हात लावण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच उपसून काढावा लागतो.

मिरकरवाड्यासारख्या ठिकाणी तर जास्तच जपावे लागते. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येऊन तारांवर बसतात. मीठ हवेतील ओल ओढून घेते, आणि मिठाचे पाणी विजेला चांगली वाट देते. तांब्याच्या तारेवर हिरवट गंज चढतो, सांधा कमकुवत होतो, तापू लागतो. देशावरच्या कोरड्या गावी जी माळ अनेक सण निभावून नेते, तिचे आवरण समुद्रकाठी लवकर चिरते. खिडकीच्या लोखंडी गजांना ती गुंडाळणे येथे विशेष धोक्याचे. आवरण कोठे फाटलेले असले, तर सगळे गजच विजेने भारले जातात.

आज बाजारात ज्या माळा मिळतात त्यांत तापणारी तार नसते. त्यांत एलईडी नावाचा कण असतो. जुन्या दिव्याचा रंग हा काचेवरच्या रोगणाचा. एलईडीचा रंग मात्र तो ज्या पदार्थाचा बनतो त्यावर ठरतो. तांबडा एलईडी १९६२ मध्ये तयार झाला. तेजस्वी निळा साधण्यास आणखी तीस वर्षे गेली. तो साधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असा एक कण साधारण तीन व्होल्टवर चालतो आणि एका अँपिअरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाच प्रवाह घेतो. तो जवळजवळ तापत नाही, म्हणून त्याची माळ निर्धोक वाटते. पण येथेही अनेक कण एकसर जोडून थेट घरातल्या विजेवर लावलेले असतात. जिच्या टोकाशी दाब कमी करणारा अडॅप्टर आहे ती माळ वेगळी. उघडझाप करविणारी लहान पेटी हुबेहूब तशीच दिसते. पण तिने दाब कमी होत नाही!

याच एलईडीने कोकणच्या समुद्रात वादही माजविला आहे. प्रखर दिवे पाण्यावर सोडले की त्यांच्याभोवती माशांचे थवे गोळा होतात आणि एकाच जाळ्यात सापडतात. अशा मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. लहान होड्यांवर पोट भरणाऱ्यांना या दिव्यांचा राग येतो, यात नवल नाही.

दर्यावरच्या दिव्यांना अर्थही असतो. रात्री नौकेच्या डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा लावावा, असा सर्व देशांचा नियम आहे. समोर तांबडा व हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर एखादी नौका सरळ आपल्याच अंगावर येत आहे असे तांडेल ओळखतो आणि सुकाणू फिरवितो. या दिव्यांशी घोटाळा होईल असा दुसरा कोणताही दिवा चालत्या नौकेवर असू नये, हेही त्याच नियमांत आहे. म्हणून सणाच्या दिवशी धक्क्याला बांधलेल्या नौकेवर रंगीत माळ कितीही शोभली, तरी दोर सोडण्यापूर्वी ती मालवावी लागते. मग अंधारात डावीकडचा तांबडा, उजवीकडचा हिरवा आणि डोलकाठीवरचा पांढरा एवढेच दिवे समुद्राकडे जाताना दिसतात.