वजन घटते ते दिनक्रमाने

चर्चगेट ते भाईंदर हे अंतर ४० किलोमीटरहून थोडे अधिक आहे. सहा-साडेसहाला ऑफिसातून निघालेला माणूस एखादी गाडी सोडतो, उभ्याने प्रवास करतो, स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत थांबतो आणि घरी पोहोचतो तेव्हा साडेआठ वाजून गेलेले असतात. मग हातपाय धुऊन चहा आणि त्याच्यासोबत फरसाण, साडेनऊ-दहाला जेवण, साडेअकराला अंथरूण आणि पहाटे साडेपाचला गजर. २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांची संख्या ओलांडलेल्या मीरा-भाईंदरमध्ये हा दिनक्रम घरोघरी आढळतो. या माणसाचे पोट सुटले की आपण त्याला ‘जरा जिभेवर ताबा ठेव’ असे सांगतो. विज्ञान मात्र आधी त्याच्या दिवसाचे वेळापत्रक मागते.

स्वतःला जाड समजतो कोण?

त्या वेळापत्रकाकडे वळण्याआधी, वजन कमी करायला निघतो कोण ते पाहू. दक्षिण कोरियात १९९८ पासून राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणी होते. तिथे लोकांचे वजन आणि उंची मोजतात. शिवाय ‘तुम्हाला तुमचे शरीर कसे वाटते’ आणि ‘गेल्या वर्षभरात वजन कमी करण्याचा प्रयत्न केला का’ हेही विचारतात. तिथल्या निकषांनुसार पुरुषांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण निम्म्याच्या जवळ पोहोचले आहे, तर स्त्रियांमध्ये ते साधारण चारात एक इतके आहे. तरीही स्वतःला जाड समजणाऱ्यांत आणि वजन बेताचे असूनही डाएट करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक दिसतात. माणूस वजन कमी करायला कधी लागतो, हे काट्यावरच्या आकड्याइतकेच आरशातल्या प्रतिमेवर, आजूबाजूच्यांच्या बोलण्यावर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावर ठरते.

आपल्याकडचे चित्र याच्याशी खूप जुळते. वजन अगदी योग्य असलेली कॉलेजकन्या नाश्ता टाळते आणि दुपारी चक्कर येते म्हणते. पंचेचाळिशीच्या काकांचे पोट शर्टाच्या गुंड्या ताणू लागले तरी ते ‘खात्यापित्या घरचे’ ठरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या स्त्रिया आणि पुरुष या दोन्ही गटांत दर चौघांमागे साधारण एकाचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. गरज असलेला निर्धास्त आणि गरज नसलेली उपाशी, अशी ही उलटी वाटणी आहे. ती दुरुस्त करायची तर अंदाजाने न बोलता मोजून बोलायला हवे.

काट्याआधी टेप

काय मोजायचे, याचे उत्तर पुण्याने जगाला दिले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. काट्यावर सारखे ठरलेले हे दोघे आतून अगदी वेगळे होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या संशोधनात असेही दिसले की, आपली बाळे जन्मतःच वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते.

म्हणून भारतीयांसाठी निकष कडक आहेत. बीएमआय २३ झाला की सावध व्हायचे आणि २५ ला लठ्ठपणा धरायचा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या आत. शिंप्याकडची टेप त्याला पुरते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताने चाचपायचा, दोन्हींच्या मधोमध टेप धरायची आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढायचे नाही. पँटच्या नंबरावर विसंबू नये, कारण पोट सुटले की पट्टा त्याच्या खाली सरकतो आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

उशिराचे जेवण, अपुरी झोप

आता पुन्हा त्या वेळापत्रकाकडे येऊ. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये जास्त वजनाच्या १६ जणांना तेच अन्न, तेवढेच, पण सुमारे चार तास उशिरा दिले. त्यांची भूक वाढली, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन कमी झाले आणि शरीराचा ऊर्जाखर्चही घटला. त्याआधी २००४ मध्ये शिकागोत १२ तरुणांची झोप दोन रात्री चार तासांवर आणली होती. लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले आणि गोड-खारट खाण्याची ओढ वाढली. दोन्ही प्रयोग लहान आहेत, पण लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांनी त्यांची दखल घ्यावी असेच आहेत. रात्री दहाला जेवून पहाटे साडेपाचला उठणाऱ्याची भूक त्याच्या जिद्दीवर मात करते, यात त्याचा दोष थोडा आहे.

हालचालीचेही तसेच आहे. मीरा-भाईंदरच्याच पश्चिम टोकाला उत्तनच्या किनाऱ्यावर बाया बोंबील धुतात, आडव्या बांबूंवर टांगतात आणि वाळले की उतरवतात. त्यात दिवसभर वाकणे, उचलणे, चालणे चालूच असते आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. टॉवरमध्ये राहणाऱ्याला तेवढ्या हालचालीसाठी वेगळा तास काढावा लागतो, आणि तो तास प्रवासाने आधीच घेतलेला असतो.

तेलाचा डबा काय सांगतो

खाण्याचे नियंत्रण एकट्या माणसाच्या हातात नसते, घरच्या ओट्यापाशी त्याची बरीचशी वाटणी झालेली असते. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल पोटात जाते. बैठे काम करणाऱ्याला २० ते ३० ग्रॅम पुरे. प्रत्येक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात. बाहेरचा वडापाव, फरसाण, सामोसे या हिशेबात धरलेलेच नाहीत. त्यातून घरची बाई सर्वांत शेवटी जेवते आणि ‘वाया जायला नको’ म्हणून उरलेले संपवते. तिला स्वतंत्र डाएट-चार्ट देऊन काय होणार? बदलायचा तर सगळ्या घराचा स्वयंपाक बदलायला हवा.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा ‘दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत’ हा कार्यक्रम मराठी घरांत पसरला त्याचे कारण इथेच सापडते. नियम तोंडपाठ होतो, पैसे लागत नाहीत आणि नवरा-बायको तो मिळून पाळू शकतात. मात्र वेळेच्या चौकटीत जादू नाही. चीनमध्ये १३९ जणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कॅलरी कमी करून शिवाय ठरावीक आठ तासांतच खाणाऱ्यांचे वजन, नुसत्याच कॅलरी कमी करणाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त उतरले नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण वगळूच नये.

मार्च २०२५ पासून भारतात मिळू लागलेल्या मौंजारोसारख्या इंजेक्शनांनी वजन खरोखर उतरते आणि काही रुग्णांना त्यांची गरजही आहे. पण याच धाटणीच्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. इंजेक्शन भूक आवरते. जेवायची वेळ आणि झोप मात्र आपल्यालाच बदलावी लागते.

आकडा न हलताही फायदा

काटा हलत नाही म्हणून सगळे सोडून देणाऱ्यांनी चेन्नईचा अनुभव लक्षात ठेवावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. नियमित चालणे आणि आहारात बदल यांचा पाठपुरावा झालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक प्रौढाची कंबर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नवा तेलाचा डबा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख टाका. उशिरा घरी येणाऱ्याने डब्यातली पोळी-भाजी किंवा मूठभर चणे सात वाजता गाडीतच खावेत आणि रात्री हलके जेवावे. शक्य त्या दिवशी रिक्षा न करता स्टेशनवरून चालत यावे. सोसायटीच्या सभेत पार्किंगबरोबर चालायच्या जागेचाही विषय काढा, आणि महापालिकेकडे मोकळ्या, उजेड असलेल्या पदपथांची मागणी करा. वजन आटोक्यात ठेवणे हे एकट्याच्या जिद्दीवर सोडून भागणार नाही. घराने आणि शहराने त्याला वेळ आणि जागा दिली पाहिजे.