साखळी नसलेली फटफटी

सायकलला साखळी असते, म्हणजे चेन. बहुतेक फटफट्यांनाही असते. इंजिनाचा जोर तिच्यावाटे मागच्या चाकाला पोचतो. पण काही फटफट्यांना साखळीच नसते. तिच्या जागी लोखंडी दांडा फिरतो. त्याला शाफ्ट म्हणतात. उभ्या ट्रकखाली वाकून पाहा, मधोमध असाच लांब दांडा दिसेल.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीतल्या म्युनिक शहरच्या बीएमडब्ल्यू कारखान्यानं 1923 साली आपली पहिली फटफटी काढली. तिचं नाव आर 32. तिला दांडाच होता. हा कारखाना आजही अशा गाड्या करतो. इटलीतला मोटो गुझ्झीही करतो.

दांड्याचं सुख मोठं. तो बंद नळीत असतो. धूळ नाही, चिखल नाही, ताणणं नाही, वंगण फासणं नाही. पण त्याच्या काही खोडी आहेत. त्या ठाऊक नसल्या तर वळणावर जिवावर बेततं, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

मूठ पिळून रेस दिली, की या गाडीचा मागचा भाग वर उठतो. मूठ सोडली, की खाली बसतो. नवा माणूस दचकतोच! हे का होतं? ट्रॅक्टरला मागं जड ओझं असलं आणि एकदम जोर दिला, तर त्याचं तोंड वर उचलतं. हे तुम्ही पाहिलं असेल. चाक पुढं फिरायला अडतं, तेव्हा त्याला फिरवणारं सामानच उलटं फिरू पाहतं. इथंही तसंच. दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चक्र असतं. ते चाकाजवळच्या मोठ्या चक्राला फिरवतं, आणि त्याच वेळी त्याच्या दातांवरून स्वतः वर चढू पाहतं. मग दांड्याची नळी पुढच्या टोकाला वर रेटली जाते, आणि तिच्याबरोबर गाडी व गाडीवरचा माणूसही. आर 32 च्या मागच्या चाकाला स्प्रिंगच नव्हती, तेव्हा तिथं उठबस होण्याचा प्रश्नच नव्हता.

आता वळण घ्या. गाडी कललेली आहे. वेग जास्त वाटला, माणूस घाबरला, त्यानं मूठ एकदम सोडली. मागचा भाग खाली बसतो. आधीच कललेल्या गाडीचं खालचं लोखंड रस्त्याला घासतं. जोरात घासलं तर चाकाची पकड सुटते आणि गाडी आडवी होते. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करावा. वळणात मूठ जराशी पिळलेली आणि स्थिर ठेवावी. साखळीच्या गाडीलाही हा नियम बराच, पण दांड्याची गाडी चुकीचं मोल लगेच वसूल करते.

1987 साली बीएमडब्ल्यूनं नळीला जोडून आणखी एक दांडी आणि एक जादा सांधा दिला. त्यानं ही उठबस पुष्कळच कमी झाली. जुनी गाडी घेताना ती दांडी आहे का, हे बघून घ्यावं.

उभ्या गाडीची मूठ पिळली की ती बाजूला झुकते, याचा दोषही लोक दांड्यालाच देतात. हा अन्याय आहे! इंजिनातला क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेला असतो, त्याचा तो हिसका. धावत्या गाडीत तो फारसा जाणवत नाही.

साखळी ढिली झाली की खडखडून सांगते. दांडा मात्र मुका. त्याच्या मागच्या पेटीतलं तेल वेळेवर बदलावं लागतं. जुनं तेल काढताना थोडी बारीक लोखंडी पूड निघाली तर चालतं. कपचे निघाले, तर दाते मोडत आहेत असं समजावं. आणि मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचे ओघळ दिसले, तर गाडी तिथंच उभी करावी. ते तेल टायरवर आणि ब्रेकवर उतरतं.